रविवारची वही

मागच्या वर्षी घराच्या वाटण्या झाल्या, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी माझ्या वाट्याला आली. वाट्याला आली म्हणजे कुणी मागितली नाही, म्हणून माझ्याकडे राहिली. आत आजोबांच्या वेळच्या कांद्याच्या हिशोबपट्ट्या होत्या, दोरीने बांधलेले जुने सातबारे होते, एक फुटका कंदील होता आणि तळाला एक दोनशेपानी वही होती. पुठ्ठ्यावर माझंच अक्षर. 'पळणाऱ्यांची वही. सन १९७९.'

लासलगाव म्हटलं की लोकांना कांदा आठवतो, आणि ते बरोबरच आहे. १९४७ साली इथे बाजार समिती झाली. तेव्हापासून गावाची सगळी सुखदुःखं लिलावाच्या आवाजावर ठरत आली. या गावाचा इतिहास कुणाला लिहायचा असेल तर तो नुसत्या पट्ट्यांवरून लिहिता येईल. कोणत्या साली काय भाव होता, कुणाचं लग्न त्या भावात बसलं, कुणाची विहीर अर्ध्यावर राहिली. मी पुढे आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि पोरांना सांगत आलो, की कागद बोलतो. पण या वहीतला कागद एका जागी खोटं बोलतो. ते खोटं मी लिहिलेलं आहे. म्हणून पट्ट्या बाजूला ठेवून आधी वहीबद्दल लिहितो.

आमच्या भागात नवरात्राला सप्तशृंगीच्या गडावरून ज्योत आणतात. साडेतीन पीठांतलं ते अर्धं पीठ. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पोरं गडावर जातात, देवीपाशी मशाल पेटवतात आणि ती जळती मशाल आळीपाळीने हातात धरून आपापल्या गावापर्यंत पळत येतात. ज्योत थांबवायची नाही, खाली टेकवायची नाही. पायात काही घालायचं नाही. गड उतरला की नांदुरी, मग वणी, मग पिंपळगाव, तिथून आमच्याकडे. पाऊणशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. मागे ट्रॅक्टर असतो, त्यात दमलेली पोरं बसतात, पुढची उतरतात. आमच्याकडे याला नुसतं 'जोत आणणं' म्हणतात.

आता वाचणाऱ्याला वाटेल, अनवाणी पळणं म्हणजे केवढं व्रत. पण त्या काळी आम्ही एरवीही अनवाणीच होतो. घरात मोठ्या माणसांना पायताण असायचं, तेही बाजाराला आणि सोयरिकीला. पोरांना कुठलं? शाळेत चार-दोन व्यापाऱ्यांच्या मुलांच्या पायात कॅनव्हासचे बूट दिसायचे. आमच्या भाषेत गंमत बघा. नवरात्रात पायात काही नसलं की माणूस 'अनवाणी' असतो, आणि एरवी पायात काही नसलं की नुसता 'उघड्या पायाचा'. पाय तोच, माती तीच. वर्षातून नऊ दिवस आम्हाला तो चांगला शब्द मिळायचा.

आमची वस्ती गावापासून तीनेक किलोमीटरवर, रुळाच्या कडेला. १८६० च्या दशकात घातलेला हा मुंबई–भुसावळ मार्ग. आमच्या लहानपणी वेळ सांगायला घड्याळ नव्हतं, गाड्या होत्या. वस्तीच्या पुढच्या चाळीत रेल्वेतले एक चावीवाले राहायचे. सगळे त्यांना नाना म्हणत. चावीवाल्याचं काम म्हणजे रोज पहाटे हातोडा आणि पाना घेऊन आपल्या हद्दीतला रूळ चालत तपासायचा, सैल झालेली चावी ठोकून बसवायची. नाना जन्मभर रोज इतके किलोमीटर चालले, की पाय म्हणजे काय चीज आहे हे त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी जास्त कळायचं.

१९७८ च्या नवरात्रात आमची ज्योत वाटेत विझली. वणीच्या पुढे एकाच्या पायात काच गेली, दुसरा उतरायच्या आत पहिला खाली बसला, आणि मशाल ओल्या गवतात पडली. परत पेटवली, पण गावात आल्यावर जाणत्यांनी तोंडं फिरवली. नानांनी तेव्हाच ठरवलं, की पुढच्या साली पोरं तयार करून न्यायची. श्रावण लागला की सुरू करायचं, आणि दर रविवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून हिशेब द्यायचा. कोण किती पळालं, कुणाला काय झालं. माझं अक्षर बरं होतं म्हणून वही माझ्याकडे आली. मी तेव्हा आठवीत होतो.

अंतर मोजायला रेल्वेचे दगड होते. दोन दगडांत एक किलोमीटर. नानांनी एकच अट घातली होती. "वहीत खोटं लिवायचं न्हाई. देवीचं काम हाये. आन दुखनं झाकायचं न्हाई. झाकलेलं दुखनं दुसऱ्याच्या हातातली जोत इझवतं."

त्या वर्षी श्रावण २५ जुलैला लागला आणि घटस्थापना २२ सप्टेंबरला आली. मध्ये बरोबर आठ रविवार. वहीत आठही रविवार आहेत. दुसऱ्या रविवारचं पान जसंच्या तसं उतरवतो.

'५ ऑगस्ट. नानांचा मुलगा: १० कि.मी. काही त्रास नाही. शिंप्याचा: ६. खडीने तळवा सोलला. मंगळ-बुध बंद. हमालाचा: ७. शनिवारी वॅगन भरल्या, पाठ धरली, पळाला नाही. मी: ५. बरं.'

एवढंच. पण त्या एकेका ओळीवर पारावर अर्धा अर्धा तास चर्चा व्हायची. शिंप्याचा मुलगा तळवा वर करून दाखवायचा, सगळे वाकून बघायचे. कुणी म्हणायचं हळद-तेल लाव, कुणी म्हणायचं नुसती माती लागू दे, आपोआप भरतं. बाभळीचा काटा आत मोडला तर रुईचा चीक लावायचा, दोन दिवसांत काटा वर येतो. पिकलं तर कांदा भाजून गरम गरम बांधायचा. लासलगावात दुसरं काही नसलं तरी कांद्याला तोटा नव्हता. कुरूप झालं तर बिब्ब्याचा चटका. तो नानाच द्यायचे, आणि देताना गाडीच्या वेळापत्रकाविषयी काहीतरी विचारायचे, म्हणजे लक्ष दुसरीकडे जातं.

पळायचं कसं, हेही पारावरच ठरायचं. नानांचं सांगणं असं, की टाच आपटू नका. "रुळावर हातोडा कसा मारत्यात? दनकन न्हाई. टिपून. तसा पाय टिपून टाका." पावलं लहान टाका, गुडघा मऊ ठेवा, पुढे बघा पण पायाखालची जमीन कानाने ऐका. पुष्कळ वर्षांनी, २०१० साली, हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचा अभ्यास 'नेचर' या नियतकालिकात आला. लहानपणापासून अनवाणी पळणारी माणसं बहुधा टाचेवर न उतरता पावलाच्या पुढच्या भागावर किंवा सपाट उतरतात आणि त्यामुळे जमिनीचा धक्का कमी बसतो, असं त्यात दाखवलं होतं. मी ती बातमी कापून ठेवली. नाना तेव्हा नव्हते. असते तर म्हणाले असते, एवढ्यासाठी इतकी यंत्रं कशाला लावली?

इतिहासाचा मास्तर आहे, तेव्हा थोडं मागे जातो. उघड्या पायाने पळणं हे आपल्याकडे आधी काम होतं, मग खेळ झालं. पेशव्यांच्या काळात जासूद पत्रं घेऊन पळायचे. पुढे इंग्रजांच्या टपालात हरकारे आले, हातात घुंगरं लावलेली काठी. रानात जनावर दूर राहावं आणि पुढच्या ठाण्याला कळावं, म्हणून ती घुंगरं. एकाने आपला टप्पा पळायचा, थैली दुसऱ्याच्या हातात द्यायची. आमच्या ज्योतीची रीत याहून वेगळी नाही. हजारो माणसं अशी पळाली असतील. पत्रं दप्तरांत जपून ठेवलेली आहेत. पळणाऱ्यांची नावं शोधायला गेलं तर क्वचित सापडतात.

पहिल्यांदा नावं लागली ती पुण्यात. १९०६ साली निघालेल्या डेक्कन जिमखान्याचे सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. तिथल्या स्पर्धांत धावायला यायची ती मुख्यतः शेतकऱ्यांची मुलं. दोराबजींनी १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना एक पत्र लिहिलं, त्यात ही सगळी हकिगत आहे. शेतात राबणारी, साधं खाणारी पोरं, कुणी शिकवलेलं नाही, स्पर्धेचे नियम ठाऊक नाहीत. मुख्य शर्यत पंचवीसेक मैलांची होती. त्यांच्या वेळा दोराबजींनी बाहेरच्या देशांतल्या वेळांशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांना जाणवलं, की ही मुलं फार मागे नाहीत. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यापर्यंत विषय गेला, पैसा उभा राहिला, आणि १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला सहा जण गेले. चार धावणारे, दोन मल्ल. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले, वेळ दोन तास पन्नास मिनिटांच्या वर. जिंकलेल्या फिनलंडच्या हान्नेस कोलेमाइनेनला दोन तास बत्तीस मिनिटं लागली होती. म्हणजे बेळगावच्या गड्यात आणि जगातल्या पहिल्यात अठरा मिनिटांचं अंतर.

मी वर्गात हे सांगायचो तेव्हा पोरं विचारायची, "सर, एकोणिसावा म्हणजे हरलाच ना?" मी म्हणायचो, हरला, पण लिहिला गेला. कुठल्या साली, कितवा, किती वेळात, हे सगळं आज काढता येतं. त्याच्या गावात त्याच्याहून जोरात पळणारा आणखी कुणी असेल, तर तो कुठे काढायचा?

असं मी म्हणायचो आणि फळ्याकडे वळायचो. कारण मला एक माहीत होती.

माझी चुलत बहीण माई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. सातवीनंतर तिची शाळा बंद झाली. आमच्या दोन म्हशी होत्या आणि गावात दुधाचे रतीब होते. पहाटे तांबडं फुटायच्या आत दुधाची किटली घेऊन गावात जायचं काम तिचं. एकटी पोर अंधारात जाते म्हणून चुलतीने मला बरोबर लावून दिलं. नाहीतरी मला पळायचंच होतं. मी रुळाच्या कडेच्या पायवाटेने पळायला लागलो, की ती किटली घेऊन मागून यायची. मागून म्हणजे पहिले चार दिवस. पाचव्या दिवशी ती पुढे होती. डोक्यावरून घेतलेला पदर कमरेला खोचलेला, एका हातात किटली, आणि किटलीतलं दूध हलत नव्हतं. नाना आम्हाला शिकवत होते ते टिपून पाय टाकणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. दूध सांडलं तर बोलणी बसतात, एवढंच शिक्षण.

१२ ऑगस्टच्या आठवड्यात माझ्या डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. मी अर्ध्या वाटेवर बांधावर बसून राहायचो. ती गावात रतीब घालून, रिकामी किटली घेऊन, गाव मागे टाकून रुळाच्या कडेने पुढच्या दगडांपर्यंत जायची आणि परत यायची. मी दगड विचारायचो, ती सांगायची. शनिवारी ती म्हणाली, "बापू, उद्या वहीत माझं बी लिव."

पारावर बाया-पोरी यायच्या नाहीत. ज्योतीला तर पोरींनी हात लावायची रीतच नव्हती. देवी बाई, गड देवीचा, घट बसवणाऱ्या बाया, आणि ज्योत मात्र बाप्यांची. हे तेव्हा कुणाला विचित्र वाटत नव्हतं, मलाही नाही. मी तिला 'हो' म्हणालो. रविवारी पारावर बसलो, माझी पाळी आली. नाना म्हणाले, "बोल." काटा मोडला आणि आठवडाभर बसून होतो, हे सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, "आठ किलोमीटर. बरं." आणि तसंच लिहिलं. माझ्या मनात तेव्हा काय होतं हे आज प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन्ही होतं. तिचा आकडा वहीत यावा हेही होतं, आणि पोरांनी माझ्याकडे मान वळवून बघावं हेही होतं. पहिलं कारण मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो.

मग थांबता आलं नाही. वही सांगते. '१९ ऑगस्ट. मी: १२.' पोळ्यानंतरचा, गणपतीचा रविवार: '२६ ऑगस्ट. मी: १२.' '२ सप्टेंबर. मी: १४.' '९ सप्टेंबर. मी: १६.' माझा काटा निघाला होता, मीही सहा-सात पळत होतो, पण वहीत ती पळत होती. नानांचा मुलगा तेव्हा पंधरावर होता. शिंप्याच्या मुलाने कुरूप झाल्यामुळे सोडलं. हमालाच्या मुलाची ओळ वाचली की अजून पोटात कालवतं: '९ सप्टेंबर. वॅगनीमुळे तीन दिवस नाही. रात्री पळतो.' तो खरं सांगत होता.

१६ सप्टेंबरला नानांनी टप्पे वाटले. शेवटचा टप्पा मानाचा. गावात शिरताना ज्योत ज्याच्या हातात असते त्याच्या पायावर बाया पाणी घालतात. नाना वहीची पानं उलटत होते. मंडळातल्या एका जाणत्याने माझा आकडा पाहिला आणि म्हणाला, "ह्यो पोरगा येतो शेवटाला. वही सांगतेय." नाना माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, कौतुकाने बघताहेत.

घटस्थापनेच्या दिवशी उजाडता उजाडता मला ज्योत मिळाली. गावापर्यंत पाच किलोमीटर. पाच मी पळालोही असतो. पण मानाच्या टप्प्याचा तोरा होता, आणि वहीतल्या सोळाला शोभावं म्हणून मी पहिल्यापासूनच जोर केला. दीड-दोन किलोमीटरवर श्वास तुटला. रस्त्यावर उभा राहायची लाज वाटली म्हणून कडेच्या कापलेल्या बाजरीच्या रानातून आडवा निघालो, आणि धसकट उजव्या तळव्यात शिरलं. बाजरीचं धसकट कापल्यावर तिरकं टोकदार राहतं. ते ज्याला लागलंय त्यालाच माहीत. मी बसलो नाही, एवढीच देवीची कृपा. हात वर ठेवला. नानांचा मुलगा ट्रॅक्टरवरून उडी मारून धावत आला आणि ज्योत घेऊन गेला. गावात तोच शिरला. बायांनी त्याच्या पायावर पाणी घातलं. मी ट्रॅक्टरमध्ये बसून आलो. माई वेशीपाशी इतर पोरींत उभी होती. तिने माझ्या पायाकडे पाहिलं आणि मग वर. बोलली काही नाही.

त्या संध्याकाळी नानांनी वही मागितली. मला वाटलं, आता पारावर सगळ्यांसमोर विचारणार. त्यांनी विचारलं नाही. वही घरी घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी मुलाच्या हाती परत पाठवली. शेवटच्या पानावर रेल्वेच्या निळ्या पेन्सिलीने एक ओळ लिहिलेली होती. 'बापूचे नावापुढे लिहिलेले पळणारं दुसरं आहे.'

ते वाचून मी वही पेटीत टाकली आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं उघडली नाही.

पुढच्या साली ज्योत आली, पण वही नव्हती. मग नोव्हेंबर १९८० मध्ये शेतकरी संघटनेचं आंदोलन पेटलं. उसाला आणि कांद्याला भाव मागत आमच्या तालुक्यातली माणसं रस्त्यावर आणि रुळावर उतरली. खेरवाडीला रेल रोको झाला, गोळीबारात दोन शेतकरी गेले. आमच्या पळायच्या वाटेवर पोलीस उभे राहिले. नंतर नानांची बदली झाली. हमालाचा मुलगा मुंबईला गेला. माईचं लग्न त्याआधीच, वैशाखात, येवला तालुक्यात झालं. वऱ्हाड बैलगाडीने गेलं. गाडीच्या मागे मी चालत होतो. ती गाडीत बसली होती, नव्या चपला घालून. त्या चपला तिला चावत होत्या. तिने त्या काढून मांडीवर धरल्या होत्या.

मी मास्तर झालो. पुस्तकांत इथिओपियाचा अबेबे बिकिला भेटला. १० सप्टेंबर १९६० रोजी रोममध्ये तो मॅरेथॉन अनवाणी पळाला आणि दोन तास पंधरा मिनिटं सोळा सेकंदांत जिंकला. संध्याकाळ होऊन गेली होती आणि जुन्या रोमन रस्त्याच्या कडेला सैनिक मशाली धरून उभे होते. ते चित्र वाचताना मला रोम दिसलं नाही, वणीचा रस्ता दिसला.

मग २०१० चं नवरात्र आलं. ८ ऑक्टोबर, घटस्थापना. गावात सकाळी ज्योत येऊन गेली होती. रात्री माईचा फोन आला. नुसतं म्हणाली, "टीव्ही लाव." दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा चालू होत्या. आपल्याच जिल्ह्यातल्या हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत दहा हजार मीटरमध्ये तिसरी आली होती. पहिल्या दोघी केनियाच्या. १९५८ साली मिल्खा सिंगांनी सुवर्ण घेतलं, त्यानंतर राष्ट्रकुलात धावपट्टीवरचं भारताचं पहिलं वैयक्तिक पदक हे, आणि भारतीय बाईचं तर पहिलंच. डोंगरातल्या आदिवासी पाड्यावरची पोर, लहानपणी पाण्यासाठी पायपीट केलेली, सुरुवातीला अनवाणीच पळालेली. नाशिकला विजेंदर सिंग यांच्या हाताखाली तयार झालेली. मी फोन कानाला धरून बघत होतो. मला वाटलं, माई आता ते काढणार. ती एवढंच म्हणाली, "पाय बघ तिचा कसा पडतोय," आणि फोन ठेवला.

२०१४ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी नेसून अनवाणी पळाल्या आणि त्यांच्या गटात पहिल्या आल्या. नवऱ्याच्या औषधपाण्याला पैसे हवे होते म्हणून. २०१७ साली आमच्या शेजारच्या चांदवड तालुक्यातल्या वडाळीभोईच्या संजीवनी जाधवने भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत पाच हजार मीटरचं कांस्य घेतलं. प्रत्येक वेळी मी बातमी कापून ठेवली आणि प्रत्येक वेळी वही कुठे आहे ते मला आठवलं.

पेटी वाट्याला आली तेव्हा ती निळी ओळ मी पुन्हा वाचली. आणि इतकी वर्षं मुलांना कागद वाचायला शिकवणाऱ्या मला त्यातलं एक अक्षर पहिल्यांदा दिसलं. नानांनी 'पळणारा दुसरा' लिहिलं नव्हतं. 'पळणारं दुसरं' लिहिलं होतं. पोरगा म्हणायचं नाही आणि पोरगी म्हणता येत नाही, तेव्हा आपल्याकडे असंच लिहितात. मग उलगडलं. चावीवाला माणूस. रोज पहाटे रूळ तपासत त्याच वाटेने चालणारा. त्यांनी मला बांधावर बसलेला रोज पाहिलं असणार, आणि तिला पळताना रोज पाहिलं असणार. १६ सप्टेंबरला वही हातात घेऊन माझ्याकडे बघत होते, ते कौतुक नव्हतं. मी बोलेन म्हणून वाट बघत होते. मी बोललो नाही, तेही बोलले नाहीत. त्यांनी लिहून ठेवलं. त्या वहीतलं माईविषयीचं एकमेव खरं वाक्य ते, आणि त्यातही तिचं नाव नाही.

मी वही घेऊन येवल्याकडे गेलो. माई चाळीपुढे बसून उन्हाळ कांदा निवडत होती. सडका एका बाजूला, कोंब आलेला एका बाजूला, चांगला पाटीत. पायात काही नव्हतं. टाचांना नांगरटीसारख्या भेगा. मी तिच्यासमोर पालथ्या पाटीवर बसलो आणि सगळं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. चव्वेचाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट चार मिनिटांत संपते, हे त्या दिवशी कळलं.

"मला काय ठावं न्हवतं व्हय?" ती म्हणाली. "नानांच्या पोरानं तवाच सांगितलं. म्हनला, तुझा बापू सोळा पळतोय. म्या म्हनलं, पळू दे."

"मग बोलली का नाहीस?"

"कुनाला? आन बोलून काय, जोत दिली असती?" तिने एक कांदा दाबून पाहिला आणि सडक्यात टाकला. "मला राग जोतीचा न्हाई आला, बापू. तू त्या दिशी रानातनं गेलास त्येचा आला. माजे सोळा घेऊन गेलतास, तर रस्त्यानं तरी जायचं."

मी वही उघडून तिच्यासमोर धरली. चष्मा तिच्याकडे नव्हता, म्हणून एकेक रविवार वाचून दाखवला. ती हात न थांबवता ऐकत होती. १९ ऑगस्टला पोचलो तेव्हा मात्र तिने हात थांबवला.

"किती म्हनलास?"

"बारा."

"बारा न्हवं. त्या दिशी किटलीचं झाकन वस्तीवर इसरलं व्हतं. गावातनं माघारी येऊन नेलं. सहा वाढलं की. अठरा व्हतं त्ये."

मी पेन काढलं. माझं नाव खोडायला लागलो, तर म्हणाली, "खोडू नगं. तुजं बी ऱ्हाऊ दे. तू काय करत व्हतास त्ये बी लिव."

मग त्याच पानावर, समासात, आजची तारीख घालून मी लिहिलं. जागा कमी होती, तरी बसलं.

'१९ ऑगस्ट १९७९. माई: १८ कि.मी. मी: बांधावर बसून.'